खजिना द्या, न्यायासन नको

महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुकांचा विषय निघाला की आमच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एका तटाला 1989 आठवतं, मुंबईतला ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून आठवतो. त्यानंतर काही वर्षांत थेट निवडणुका गेल्या आणि गुणपत्रिका पाहून प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. दुसरा तट 2016 च्या विद्यापीठ कायद्यावर बोट ठेवतो: तरतूद आहे, मग मतदान का रखडतं? मी दुसऱ्या तटात आहे. पण निवडून आलेल्या पोरांनी करायचं काय, याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथल्या विद्यापीठांत फ्रॅटर्निटींची, म्हणजे स्वतःची घरं असलेल्या मुलग्यांच्या संघटनांची, एक सामाईक कौन्सिल असते. सदस्य-घरांचे प्रतिनिधी तिचे पदाधिकारी निवडतात. अध्यक्ष असतो, नव्या पोरांची भरती, म्हणजे ‘रश’, एक उपाध्यक्ष बघतो, कोणी वर्गणी आणि जमाखर्च सांभाळतो, कोणी शिस्तीची प्रकरणं. वीस वर्षांचं पोरगं अंदाजपत्रक मांडतं आणि थकबाकीदार घराला नोटीस काढतं. आमच्या वेळचे प्रतिनिधी गॅदरिंगला पाहुण्यांना नारळ देत. फी सगळ्यांनी भरलेली, पण हिशेब प्राचार्यांच्या कपाटात.

एवढं ऐकून कोणी हे जसंच्या तसं उचलायला निघेल, तर त्याने इथल्याच पेन स्टेट विद्यापीठाचं प्रकरण वाचावं. फेब्रुवारी 2017 मध्ये बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या सदस्यांना भरमसाट दारू पाजली गेली. 19 वर्षांचा टिमथी पियाझा जिन्यावरून पडला. कित्येक तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, आणि तो गेला. तोवर तिथे फ्रॅटर्निटींच्या चुकांचा निवाडा त्यांची कौन्सिलच करत असे. म्हणजे ज्याच्या घरी शनिवारी पार्टीला जायचं, त्याच्यावर सोमवारी कारवाई करायची. अशा खुर्चीवर कितीही प्रामाणिक मुलगा बसवा, तो कचरणारच. त्याच वर्षी विद्यापीठाने ते अधिकार स्वतःकडे घेतले. 2018 मध्ये राज्याने पियाझाच्या नावाने हेझिंगविरोधी कायदा केला.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच. या बाबतीत, खरं सांगतो, आपण कागदावर तरी पुढे होतो. महाराष्ट्राचा कायदा 1999 चा, यूजीसीचे नियम 2009 चे, आणि त्यांत एफआयआरची जबाबदारी संस्थेवर. अंमलबजावणीबद्दल न बोललेलंच बरं.

आणि ही ‘सामाईक’ कौन्सिलही सगळ्यांची नव्हेच. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी 1930 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात आपली वेगळी कौन्सिल उभारली. दक्षिण आशियाई पोरांनीही पुढे स्वतःच्या फ्रॅटर्निटी काढल्या. डेल्टा एप्सिलॉन साय ही ऑस्टिनला 1998 ची. वेगळ्या पंगतीचा हा प्रकार मराठी माणसाला नव्याने समजावून सांगायला नको.

ग्रुपवर मी लिहिलं ते एवढंच: निवडणुका घ्या, विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीची दर उमेदवारामागे पाच हजारांची खर्चमर्यादा वाटल्यास आजच्या भावाने वाढवा, पण निवडून आलेल्यांच्या हाती गॅदरिंगचा आणि क्रीडानिधीचा हिशेब द्या, ऑडिटसकट. रॅगिंगची तक्रार मात्र त्यांच्या टेबलावर जाऊ देऊ नका. एका प्राध्यापक मित्राने लगेच विचारलं, ‘ऑडिट करणार कोण, आम्हीच ना?’ प्रश्न रास्त आहे. ऑडिटर बाहेरचा हवा, आणि त्याने प्राचार्यांचं कपाटही उघडायला हवं.