नेमका कुठला चार्ज, ते सांगा!

आज तिसरी खेप. मेढ्याहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आईला घेऊन साताऱ्याला सरकारी कचेरीत आलो. आईचं वय ७४, गुडघे कामातून गेलेले. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी मान वर न करता सांगितलं, "साहेबांनी अजून चार्ज घेतला नाही." मग सही कोण करणार? "शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडं चार्ज आहे, ते गुरुवारी येतात." निदान अंगठा तरी घ्या म्हटलं, तर मशीन चार्ज नाही! बाहेर अर्ज भरून देणाऱ्यानं ५० रुपये चार्ज घेतला तो वेगळाच.

आई तासभर बाकावर बसून होती. शेवटी मला म्हणाली, "अजून किती वेळ रं चार्ज व्हायला? मशीन लावलंय न्हवं?" तिला वाटलं होतं, चार्जिंग झालं की काम होणार. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

अरे, मराठीत शब्द नाहीत का? अधिकारी घेतो तो पदभार. पोलीस कोर्टात देतात ते दोषारोपपत्र. शाळेत विज्ञानात शिकलो तो विद्युत प्रभार. पैशाचा तो आकार; लाईट बिलावर स्थिर आकार, वहन आकार दर महिन्याला छापून येतो, तिथं बरं जमतं! इंग्रजीत घोडदळ शत्रूवर तुटून पडलं तरी चार्ज आणि हॉटेलनं पैसे लावले तरी चार्ज, पण ती त्यांची भाषा आहे, त्यांना बोलण्याच्या ओघात कळतं. आणि त्या शब्दाचं मूळ काय, तर लॅटिनमधला 'कार्रस', म्हणजे गाडा. गाड्यावर ओझं लादायचं, तिथून हा शब्द आला. म्हणजे आपला भारच की तो! "पदभार घेतलेला नाही, खुर्ची रिकामी आहे" एवढं म्हटलं असतं तर आई पहिल्या मिनिटाला उठली असती.

सरकारी कामकाज मराठीत करा म्हणणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. तरी खिडकीवर चार्जच! मला तर वाटतं, हे मुद्दाम चालतं. "चार्ज नाही" म्हटलं की समोरचा गप्प बसतो. "खुर्ची रिकामी आहे" म्हटलं तर तो विचारणार, कधीपासून? का?

गुरुवारी परत जातोय. आईला नेणार नाही. सही कोण करणार आणि कोणत्या दिवशी, हे मराठीत कागदावर लिहून घेतल्याशिवाय त्या खिडकीसमोरून हलणार नाही.