जत्रेत पैसे पोटात जात नाहीत, पाळण्यात जातात

"जत्रेला गेलो आणि पाचशेची नोट कुठे उडाली कळलंच नाही" असं म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडून बघावा. दोन पाण्याच्या बाटल्या, एक कोल्ड्रिंक, पाळण्याचे दोन फेरे, चमकणारं शिंगांचं हेअरबँड, येताना रिक्षा. खाण्यावर गेले असतील जेमतेम शंभर. मुंबईतल्या जत्रांत दोन माणसं दोनशे रुपयांत पोटभर खाऊ शकतात, या मतावर मी ठाम आहे. फक्त पाणी घरून न्यायचं आणि जाणं-येणं लोकल-बसने करायचं. माहीमच्या जत्रेला माहीम स्टेशनवरून चालत जाता येतं. माउंट मेरीच्या जत्रेसाठी बेस्ट दरवर्षी वांद्र्याहून जादा बस सोडते. गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यातच अर्धा उत्साह संपतो.

पोचल्यावर आधी एक पूर्ण फेरी मारा, काहीही विकत न घेता. तोंडाशी असलेले स्टॉल सगळ्यात महाग, कारण भुकेलेला माणूस तिथेच अडकतो. खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. गर्दीत नेटवर्क मान टाकतं आणि क्यूआर कोडसमोर फोन हलवत उभं राहिलं की हातातली भजी गार होतात. पाळण्यात बसायचंच असेल तर खाण्याआधी बसा, कारण सांगायला नकोच.

माहीमची जत्रा डिसेंबरात, मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यापाशी, दहाएक दिवस. तिथे जाऊन चायनीज भेळ खाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. तिथे खायचा तो हलवा-पराठा. परातीहून मोठा पराठा तळून त्याचे तुकडे तोडतात आणि रव्याच्या हलव्याबरोबर वजनावर देतात. गोंधळ इथेच होतो. सांगितलेला भाव किलोचा की पाव किलोचा, ते आधी विचारा. मग "शंभर ग्रॅम, पराठा जास्त, हलवा कमी" असं स्पष्ट सांगा. हलवा ओला आणि जड, त्यामुळे दोन डाव पडले की काटा भरतो आणि पराठ्याचे दोनच तुकडे हातात येतात. कडेचा तुकडा मागा, तो कुरकुरीत असतो. दोघांना चवीपुरता शंभर, पोटभर हवा तर दोनशे ग्रॅम. त्याहून जास्त घेऊ नका. तळण डालड्यातलं असेल तर गार झाल्यावर टाळूला चिकटतं आणि उरलेलं कोणी खात नाही.

भजी-वडे कुठेही खा, पण कढई बघून. तेलावर आलेला फेस घाणा काढल्यावरही बसत नसेल, किंवा काही न सोडताच तेलातून धूर येत असेल, तर ते तेल बरेच घाणे जुनं आहे. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल कमी तापमानालाच धुरकटतं. दुसरी खूण म्हणजे कढईशेजारचा फिकट, अर्धवट तळलेल्या भज्यांचा ढीग. तो गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात जातो. अशी भजी बाहेरून गडद, कडेला कडक आणि दाबली तर तेल सोडणारी. "नवीन घाणा कधी काढताय?" एवढं विचारून पाच मिनिटं थांबलं तर त्याच पैशात दुप्पट चांगलं मिळतं. संध्याकाळी सहा-सातची वेळ उत्तम: भट्टी पेटलेली, गर्दी यायची असते. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर आपला डबा पुढे करा. छपाईची शाई गरम तेलात उतरते म्हणून 2018 च्या नियमांनी तसं देण्यावर बंदी आहे, पण जत्रेत हे पाहतंय कोण!

माउंट मेरीची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, म्हणजे ऐन पावसाळी हवा. तेव्हा भेळेच्या नादी लागू नका, कुरमुरे हवेनेच सादळलेले असतात. पाणीपुरीही टाळा, गरम रगड्याचं भय नाही, भय त्या मटक्यातल्या बर्फाचं. त्याऐवजी गरम खारे चणे घ्या. स्वस्त, पोटाला आधार आणि फिरत फिरत खाता येतात. गोव्याकडच्या खाऊच्या स्टॉलवर खाजं आणि कडयो-बोडयो असा गोड कुरकुरीत खाऊ मिळतो. बेसनाची कांडी तळून आलं-तीळ घातलेल्या गुळाच्या पाकात घोळलेलं ते खाजं. गोव्याच्या खाज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. उघड्या ढिगातलं घेऊ नका. झाकणाच्या बरणीतली एक कांडी चाखायला मागा: कट् करून तुटली तर घ्या, वाकली तर पुढच्या स्टॉलवर. हे सगळ्यात शेवटी घ्यायचं आणि घरी गेल्याबरोबर घट्ट डब्यात भरायचं.

प्रभादेवीची जत्रा जानेवारीच्या सुमारास. हवा कोरडी, त्यामुळे भेळ तिथे बिनधास्त खा. एक प्लेट दोघांत घ्या, संपली की दुसरा पदार्थ. दोघांनी दोन-दोन प्लेटी घेतल्या की तिसऱ्या चवीला जागाही उरत नाही आणि पैसेही.

घासाघीस खेळण्यांवर करा, वीस रुपयांच्या भज्यांवर नको. त्या माणसाने गॅस, तेल आणि जागा यांचे पैसे आधीच मोजलेत. शेवटच्या रात्री भाव उतरतात ही समजूतही खेळणी, बांगड्या, प्लास्टिकपुरतीच खरी. तेव्हा खरेदीला शेवटची रात्र, आणि खायला पहिले दोन-तीन दिवस, शनिवार-रविवार सोडून.