टायर बदलणारा रोबो आणि घड्याळाचं वेड

सर्व्हिस सेंटरमध्ये टायर बदलणाऱ्या रोबोबद्दल कुठेही वाचा, पहिला मुद्दा वेळेचा असतो. अमेरिकेतल्या रोबोटायर नावाच्या कंपनीनेही असंच दाखवलं होतं: गाडी वर उचलली, कॅमेऱ्याने नट शोधले, रोबोच्या हाताने चाक उतरवलं, आणि चार टायरचं तासाभराचं काम निम्म्याहून कमी वेळात उरकलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मला मात्र वेळेचा हा मुद्दाच सगळ्यात फुसका वाटतो.

वेगच हवा असेल तर माणसं काही कमी नाहीत. २०२३ मध्ये कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेन संघाच्या लोकांनी १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली होती. अर्थात तिथे एका गाडीवर वीसेक माणसं तुटून पडतात, चाकाला मधोमध एकच नट असतो आणि टायर रिमवर आधीच चढवून ठेवलेला असतो. आपल्या गाडीचं तसं नसतं. जुन्या टायरचा बीड, म्हणजे रिमला घट्ट धरून बसणारी कड, रिमपासून सोडवायचा, नवा चढवायचा, हवा भरून बीड नीट बसवायचा, मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. यातलं बरंचसं काम आधीपासून मशीनवरच होतं. माणसाच्या अंगावर उरतात दोन गोष्टी: चाकं उचलणं आणि नट आवळणं. रोबोची खरी परीक्षा इथे घ्यायला हवी.

आधी नटांचं बोलू. साध्या कारच्या चाकाचे नट साधारण ९० ते १४० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळाच्या तेवढ्या जोराने, आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो किती ठिकाणी पाहिला जातो? हवेची गन लावायची, 'टर्रर्र' आवाज बंद पडला की पुढचा नट. जास्त आवळला तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो, आटे जातात, ब्रेक डिस्कवर असमान दाब येतो. आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी तो नट हलत नाही, ते वेगळंच. सैल राहिला तर काय होतं ते सांगायला नको. शिवाय नट ओळीने आवळायचे नसतात; एक झाला की समोरचा, म्हणजे चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बसवतात त्यावर, सपाट बसतं. घाईच्या वेळी माणूस नेमकं हेच गाळतो. रोबो कंटाळत नाही, फोन आला म्हणून चौथा नट विसरत नाही, आणि प्रत्येक नट किती आवळला याची नोंद ठेवू शकतो. माझ्या लेखी या यंत्राची किंमत त्या नोंदीत आहे. वाचलेला अर्धा तास ग्राहकाने नाहीतरी मोबाईल बघण्यातच घालवला असता.

दुसरं, पाठ. रिमसकट कारचं चाक सहज वीस किलोच्या आसपास भरतं. दिवसात दहा गाड्या धरा: चाळीस चाकं, प्रत्येक एकदा उतरवायचं आणि एकदा चढवायचं. सोळाशे किलो झाले, तेही वाकून. ट्रकच्या चाकांचं तर विचारूच नका. या धंद्यातल्या माणसांच्या कमरेची वाट कशी लागते हे ज्यांनी जवळून पाहिलंय, ते 'रोबो नको' असं म्हणताना दोनदा विचार करतील.

मग अडचण कुठे आहे? कार बनवणाऱ्या कारखान्यांत चाकं बसवायला रोबो आहेतच, पण तिथे समोर येणारी प्रत्येक गाडी कोरी असते. सर्व्हिस सेंटरमध्ये येते ती चिखल खाल्लेली, गंजलेली, कुठल्या तरी कोपऱ्यावरच्या कारागिराने एक नट वेगळ्याच मापाचा लावलेली. चोरी होऊ नये म्हणून लावलेला लॉक-नट असतो आणि त्याची चावी मालकाला सापडत नसते. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला चक्क उलटे आटे असतात! नट गंजून अडकला की अनुभवी माणूस थांबतो, तेल सोडतो, हळूच मागेपुढे करतो, हाताला जे जाणवतं त्यावरून ठरवतो. रोबोलाही बळाचा सेन्सर असतो, पण नट अडला की त्याने तिथेच थांबून माणसाला हाक मारावी, एवढीच माझी अपेक्षा. जोर लावून स्टड मोडणारा 'स्वयंचलित' शहाणपणा नको.

आणि एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. चाक उतरवलं की जाणता कारागीर आत डोकावतो. टायर एका बाजूने खातोय म्हणजे अलाइनमेंट, चाकांचा सरळपणा, गेलंय, मधोमध झिजलाय म्हणजे हवा जास्त भरली जातेय, ब्रेक पॅड संपत आलेत, कुठून तरी तेल पाझरतंय. हे काम बिलात कधी लिहिलेलं नसतं, म्हणून ते मोजलंही जात नाही. वेळ वाचवण्यासाठी रोबो आणणारा मालक सगळ्यात आधी हाच डोकावण्याचा वेळ कापेल, अशी मला भीती आहे. नोकऱ्या जाण्याची चर्चा जरूर करा, पण चार माणसांच्या जागी एक ठेवताना तो एक जण फक्त बटण दाबणारा असेल की चाकामागे बघणारा, हेही विचारा.

माझ्यापुरतं ठरलंय. रोबो असलेल्या ठिकाणी मी आनंदाने गाडी नेईन, पण बिलासोबत प्रत्येक नटाचा टॉर्क छापून मागेन आणि चाक उतरलेलं असताना आत कोणी पाहिलं, त्याचं नावही. शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासायला परत यायचं असतं, तेव्हा हीच पावती समोर ठेवता येईल.