पैसे पाण्यात? एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मृग लागला की ट्रेकिंगच्या, फोटोग्राफीच्या आणि झालंच तर नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: हल्लीचे फोन आयपी ६८ असतात, तेव्हा वेगळा वॉटरप्रूफ कॅमेरा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. घ्यायचाच असेल तर सगळ्यात जास्त मीटरचा, म्हणजे सगळ्यात खोल पाण्यात चालणारा, आणि सगळ्यात जास्त मेगापिक्सलचा घ्या. एकदा वॉटरप्रूफ घेतला की देखभालीची कटकट नाही. नाहीतर फोनसाठी दोनशे रुपयांचं पाऊच आहेच. शिवाय मराठवाड्यात मुळात पाणी आहेच कुठं? आणि शेवटी, भिजलाच तर तांदळात ठेवा.

यातली एक गोष्ट मला मान्य आहे: बहुतेकांना या कॅमेऱ्याची गरज नाही. पण मेसेज ज्या कारणांवरून तिथं पोचतो ती कारणंच चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर लोक चांगले फोन धबधब्याखाली धरतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘फोन आयपी ६८ आहे, मग कॅमेरा कशाला?’

आयपी ही वस्तू धूळ आणि पाणी किती अडवते याची, आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातली वर्गवारी आहे. पहिला आकडा धुळीचा, त्यात ६ सगळ्यात वरचा. दुसरा पाण्याचा. तिथं ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनं स्वतः सांगायचं. त्यामुळं एकाच ‘६८’खाली सॅमसंगचे एस मालिकेतले फोन दीड मीटर सांगतात, तर आयफोन १२ पासून पुढचे बहुतेक आयफोन ६ मीटर. वेळ दोघांचीही ३० मिनिटंच. आणि हे सगळं गोड्या, स्थिर पाण्यातलं, कोऱ्या फोनचं.

मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊक नसलेली गोष्ट पुढं आहे. पाण्याच्या धारेची चाचणी त्याच मानकात वेगळी आहे, ५ आणि ६ या आकड्यांची. ५ साठी मिनिटाला साडेबारा लिटरची धार सोडतात, ६ साठी १०० लिटरची. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेली वस्तू धारेखालीही टिकेल असं हे मानक गृहीत धरत नाही. तसं असेल तर दोन्ही वर्ग वेगळे लिहावे लागतात. आता सहस्रकुंडला पैनगंगा कातळावरून कोसळते तेव्हा अंगावर येणारं पाणी, किंवा कपिलधारला धारेखाली उभं राहिल्यावर डोक्यात बसणारे तडाखे, हे स्थिर पाणी आहे का?

कंपन्याही हे लपवत नाहीत, आपणच वाचत नाही. ॲपलच्या मदतपानावर स्पष्ट आहे की फोन घेऊन पोहू नका, जोराच्या पाण्यात धरू नका, पाणी अडवण्याची क्षमता वापरानं कमी होत जाते, आणि पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. सॅमसंगही समुद्रकिनारा आणि स्विमिंग पूल टाळायला सांगते. म्हणजे फोनची ही सोय अपघातासाठी आहे. बादलीत पडला, पावसात सापडला, वाचला. वॉटरप्रूफ कॅमेऱ्याची सोय मुद्दाम पाण्यात उतरून वापरण्यासाठी आहे. अख्खा मेसेज या एका फरकावर घसरलेला आहे.

वापराचं म्हणाल तर बोटांचाही प्रश्न आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, ओढ्यात बैल धुतात. तो फोटो काठावरून येत नाही, गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागतं. हात ओले, स्क्रीनवर थेंब, आणि टचस्क्रीनला थेंब आणि बोट यातलं काही कळेनासं होतं. पाण्याखाली तर ती जवळजवळ निकामीच. कॅमेऱ्याला दाबायचं बटण असतं, चिखलाच्या बोटानंही दाबलं जातं. उदाहरणच घ्यायचं तर ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ (२०२३ चा, पूर्वीच्या ऑलिंपस मालिकेतला): १५ मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोंचा दाब, एवढं कंपनी सांगते. झूम होताना लेन्स बाहेर येत नाही, सगळी हालचाल काचेच्या आत. बैलानं शेपटी मारून हातातून उडवला तरी उचलून पुढचा फोटो काढायचा.

जिथं फोन सरस आहे तिथं तो सरसच आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटर. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आज याहून मोठा असतो, आणि अंधारात चार-पाच फोटो जुळवून एक करण्याचं कसब फोनकडं आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. तिथं वॉटरप्रूफ कॅमेरा काढलात तर निराशाच पदरी येईल. सरळ फोन वापरा.

‘मराठवाड्यात पाणी आहेच कुठं?’

हा विनोद म्हणून ठीक आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच मराठवाड्यात बोरी नदी भरली की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात आणि पाणीमहालाजवळ उभं राहिलं तरी माणूस तुषारांनी चिंब होतो. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा आहे, सौताड्याला आहे, गौताळ्यात आहेत. वर्षातले आठ-दहा आठवडे का होईना, पाणी असतं तेव्हा ते उधळून असतं.

पण मला यापेक्षा वेगळं सांगायचंय. आमच्याकडं या कॅमेऱ्याचं खरं काम पाण्यापेक्षा धुळीत आहे. जी सीलं पाणी अडवतात तीच धूळ अडवतात. काळ्या मातीची उन्हाळी धूळ, खळ्यावरचा भुसा, धुळवडीचा रंग, पैठणला नाथषष्ठीच्या गर्दीत उडणारा बुक्का: लेन्स बाहेर येणाऱ्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या नळीत यातलं काहीही गेलं की ती करकरायला लागते आणि एक दिवस अर्ध्यातच अडकते. बंद लेन्सच्या कॅमेऱ्याला हे दुखणंच नाही. रंग खेळून घरी आलं की कॅमेरा बादलीत बुडवायचा. झालं.

आणि आठवडाभराचाच तो पाहुणा, मृगाचा किडा. पहिल्या पावसानंतर ओल्या रानात लाल मखमल घालून फिरतो. टीजी मालिकेत १ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोटो काढायची सोय आहे. त्यासाठी ओल्या मातीत कॅमेरा सरळ टेकवावा लागतो, आणि ते करायला हात कचरत नाही. माझ्या मते हा एकच फोटो वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचं अर्धं मोल वसूल करतो. बाकीच्यांचं मत वेगळं असेल, असो.

मराठवाड्याच्या हवेतली खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. ती आहे ऊन. टीजी-७ वापरण्याची मर्यादा उणे १० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली आहे. थंडीची काळजी आपल्याला नाही, पण परभणी-नांदेडचा मे महिना ४२-४३ अंशांवर सहज जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर काळा कॅमेरा ठेवून जेवायला गेलात तर बॅटरी आणि रबरी सील दोन्हींचं आयुष्य कमी होतं. किनवटकडं उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून तिथं कॅमेरा बुडवण्याचा मोह आवरा. कंपन्या गरम झऱ्यांना स्पष्ट नाही म्हणतात.

‘जास्त मीटरचा घ्या’

निकॉनचा कूलपिक्स डब्ल्यू३०० हा ३० मीटरचा होता, पॅनासोनिकचा लुमिक्स एफटी७ ३१ मीटरचा, फुजीफिल्मचा एक्सपी१४० २५ मीटरचा. टीजी-७ या सगळ्यांच्या मागं, १५ वर. मेसेजच्या हिशेबानं तो सगळ्यात कमी प्रतीचा. पण नाथसागरात किंवा येलदरीच्या पाण्यात हौशी फोटो काढणारा माणूस किती खोल जातो? छातीभर पाण्याच्या पुढं कुणी जात नाही, आणि जाऊही नये. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. १५ मीटरची सोय म्हणजे आपल्या कामाच्या कितीतरी पुढची.

गंमत अशी की खोलीच्या आकड्याला न जुमानणारा धोका आपल्या विहिरीत आहे. उन्हाळ्यात पोरं काठावरून मुटका मारतात, आणि कुणीतरी तो क्षण टिपायला कॅमेरा हातात घेऊन उडी मारतो. पाण्यावर आदळतानाचा दाब ही स्थिर खोली नाही. कॅमेरा घेऊन पाण्यात उडी मारू नका, असं निकॉनच्या माहितीपुस्तिकेतच आहे. शांतपणे पायऱ्यांनी उतरा. दुसरं, टीजी-७ चं वजन जवळपास पाव किलो आहे आणि तो तरंगत नाही. विहिरीच्या तळाच्या गाळात गेला की गेला. नारंगी रंगाचा तरंगणारा पट्टा वेगळा मिळतो, मीटरच्या आकड्यापेक्षा त्याकडं लक्ष द्या.

‘जास्त मेगापिक्सलचा घ्या’ याला दोन ओळी पुरतात. सेन्सर तेवढाच असताना त्यावर जास्त ठिपके कोंबले की अंधुक उजेडात फोटो खरबरीत येतो. टीजी-७ चे १२ मेगापिक्सल म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके, त्यात १३ बाय १० इंचांची उत्तम छपाई होते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ते तसेही दाबले जाणार आहेत. आकडाच बघायचा तर लेन्सचा बघा, एफचा: तो जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. एफ/२ पासून सुरू होणारी लेन्स एफ/२.८ पेक्षा दुप्पट उजेड आत घेते, आणि ढगाळ दिवशी, दरीत, हाच फरक कामाला येतो.

‘एकदा घेतला की देखभाल नाही’

हा सगळ्यात महाग पडणारा दावा. पाणी अडवतं ते बॅटरीच्या दाराचं रबर. कुकरच्या झाकणाचं रबर जसं कडक झालं की वाफ सोडतं, तसंच हे. त्यावर एक केस, वाळूचा एक कण बसला तरी पाण्याला वाट मिळते. ऑलिंपसच्या पुस्तिकेत ते वर्षातून एकदा बदलून घ्या असं लिहिलं होतं. पाण्यात उतरण्याआधी दार उघडून रबर कोरड्या मऊ कापडानं पुसायचं, लॉक बसलंय का पाहायचं. हे घरी करायचं, धबधब्यापाशी नाही.

घरीच का, याला आणखी एक कारण आहे. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते. पावसाळी दमट हवा आत कोंडली आणि कॅमेरा गार पाण्यात गेला, की त्या हवेतलं बाष्प लेन्सच्या आतल्या बाजूला जमतं. सगळे फोटो धुक्यातले येतात, आणि ती काच बाहेरून पुसता येत नाही. टीजी-७ मध्ये यासाठी दुहेरी काच आहे, तरी बॅटरी आणि कार्ड कोरड्या खोलीतच घालावं. उन्हात तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात घालणंही याच कारणासाठी टाळायचं.

वापरून झाल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत दहाएक मिनिटं ठेवायचा. नळाची जोराची धार नको. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की बटणांच्या फटीत पांढरा थर धरतं. शेवटी जारच्या पाण्यानं विसळा. मग पुसून सावलीत वाळवायचा, आणि पूर्ण वाळेपर्यंत दार उघडायचं नाही.

हे सगळं जुना घेणाऱ्याला दुप्पट लागू. निकॉन, फुजी, पॅनासोनिकचे वर सांगितलेले कॅमेरे आता बाजारातून गेले आहेत, त्यामुळं ते वापरलेलेच मिळतात. पूर्वीच्या मालकानं रबर कधी बदललं याचा पत्ता नसतो. असा कॅमेरा रबर बदलेपर्यंत ‘पावसात चालेल’ एवढाच धरावा.

‘दोनशे रुपयांचं पाऊच आहे की’

पाऊच वाईट नाही. होडीत बसताना, पावसात मोटारसायकलवर फोन जपायला उत्तम. पण तेही पुन्हा अपघातापुरतं. त्याच्या प्लास्टिकमधून फोटो मऊ येतो, आतून वाफ धरते, पाण्याखाली टच चालत नाही. घेतलंच तर आधी आत कोरडा टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. टिश्यू ओला निघाला तर फोन वाचला.

‘भिजलाच तर तांदळात’

ॲपलनं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. आमच्याकडं तांदळापेक्षा ज्वारी जास्त, पण कणगीनंही फरक पडणार नाही. कॅमेऱ्याच्या आत पाणी दिसलं तर आधी बंद करा, ‘चालतोय का’ बघायला परत चालू करू नका. बाहेरून पुसून बॅटरी आणि कार्ड काढा, दार उघडं ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा, हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, आणि दुरुस्तीवाल्याकडं न्या. जो कॅमेरा पाणी आत येऊ नये म्हणून बंद केलेला आहे, तो आत गेलेलं पाणीही सहज बाहेर सोडत नाही. त्याला भोवतालचं धान्य काय करणार?