रोमचे फोटो आणि सेनियोचा बांध

दुसऱ्या महायुद्धाचा शेवट म्हटला की तेच ते फोटो फिरतात. पॅरिसमध्ये रणगाड्यावर चढलेल्या पोरी, रोममध्ये कोलोझियमसमोरून चाललेले अमेरिकन सैनिक, फुलं, वाइन, मिठ्या. फोटो खरे आहेत, आनंदही खरा आहे. पण या फोटोंनी आपली एक दिशाभूल करून ठेवलीय. युद्ध म्हणजे शहरं जिंकत जाणं, असं वाटायला लागतं. इटलीपुरतं बोलायचं तर शहरं बहुतेकदा शेवटी, आयतीच हाती आली. माणसं मेली ती नद्यांच्या काठावर आणि ज्यांची नावं कुणाला उच्चारताही येत नाहीत अशा टेकड्यांवर. आणि त्यात आपल्याकडची खूप होती.

रोमचंच घ्या. मे १९४४. रोमच्या दक्षिणेला कॅसिनो गावाजवळची जर्मन फळी चार महिने कुणाला फुटत नव्हती. ११ मेच्या रात्री दोस्तांनी चौथ्यांदा जोर लावला, तेव्हा गारी नदी ओलांडणाऱ्यांत आपली ८ वी इंडियन डिव्हिजन होती. फळी फुटली. २३ मेला अँझिओच्या किनाऱ्यावर अडकून पडलेलं दोस्तांचं सैन्यही बाहेर पडलं. ठरलेला बेत साधा होता: या सैन्याने वालमोंतोने गावाला जाऊन हमरस्ता अडवायचा आणि कॅसिनोकडून मागे हटणारी जर्मनांची दहावी आर्मी कोंडीत पकडायची. अमेरिकन जनरल मार्क क्लार्कने २५ मेला आपल्या सैन्याचा मोठा भाग तिथून वळवून रोमकडे लावला. रोम आपल्याच नावावर लागलं पाहिजे, ब्रिटिशांच्या नाही, ही त्याची घाई होती. ४ जूनला रोम पडलं. जर्मनांनी ते न लढता सोडलं, टायबर नदीवरचे पूलही शाबूत ठेवले. दहावी आर्मी निसटली. दोन दिवसांनी नॉर्मंडीचं उतरणं झालं आणि रोमची बातमी पहिल्या पानावरून खाली गेली. ज्या मथळ्यासाठी एवढा खटाटोप केला, तो ४८ तास टिकला!

क्लार्कची बाजू घेणारे म्हणतात की वालमोंतोनेला जाऊनही सगळी आर्मी सापडली नसती, डोंगरातून दुसरे रस्ते होते. असतील. पण समोर शत्रूचं सैन्य आणि बाजूला शत्रूने सोडलेलं शहर असताना जो सेनापती शहराकडे वळतो, त्याला मी तरी मोठा म्हणणार नाही. जे जर्मन निसटले त्यांनी उत्तरेला जाऊन पुन्हा मोर्चे बांधले आणि युद्ध आणखी अकरा महिने चाललं. सगळा दोष क्लार्कच्या माथी मारता येणार नाही, पण वाटा त्याचा आहेच.

रोमच्या जल्लोषाला सव्वा महिनाही झाला नव्हता. १० जुलै १९४४, टायबरचंच खोरं, पण वरच्या अंगाला, डोंगराळ मुलखात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आपलं सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, घेऊन चढत होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचा बावीस वर्षांचा गडी. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि एका झटक्यात त्यांची सगळी माणसं मेली किंवा जायबंदी झाली. उरले ते एकटे. ते मागे फिरले नाहीत, सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठेचलं. ठाणं हातात आलं आणि त्याच वेळी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

इथे कुठलंही शहर मुक्त झालं नाही. कॅमेरा नव्हता. एक मशीनगन गप्प झाली, बस.

त्याच महिन्याच्या अखेरीची एक गोष्ट मला फार आवडते. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला मोंतेगुफोनी नावाचा एक जुना वाडा आहे. फ्लॉरेन्समधली चित्रं बॉम्बपासून वाचवायला तिथे आणून ठेवली होती. भिंतींना टेकवून, जागा मिळेल तशी. बोत्तिचेल्ली या जुन्या थोर चित्रकाराची ‘प्रिमावेरा’ त्यात. ८ व्या डिव्हिजनची मराठा पलटण तिथे पोचली आणि जगातल्या सर्वात महागड्या चित्रांवर आपल्या पोरांचा पहारा बसला. खेड, महाड, साताऱ्याकडची पोरं, बाहेर तोफांचे आवाज आणि आत बोत्तिचेल्ली! त्यांना त्या चित्रांबद्दल काय वाटलं असेल हे कुणी विचारलं नाही. फ्लॉरेन्सच्या वाट्याला मात्र रोमसारखं नशीब नव्हतं. जर्मनांनी जाताना पोंते वेक्कियो सोडून आर्नो नदीवरचे सगळे पूल उडवले, आणि तो एक ठेवला तर त्याच्या दोन्ही टोकांची घरं पाडून रस्ता बुजवला.

मग सेनियो. उत्तर इटलीतली ही नदी नकाशावर शोधायला लागते, एवढी लहान. पण तिला दोन्ही काठांनी वीस-पंचवीस फूट उंच पूरबांध आहेत आणि जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात बिळं खणून मशीनगनी लावल्या होत्या. पुढे-मागे सुरुंग. अख्खा हिवाळा दोन्ही फौजा तिथे समोरासमोर बसून होत्या. ९ एप्रिल १९४५ ला हल्ला झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, संगमनेरजवळच्या निमजचे, कंपनीचे रनर होते. म्हणजे काम निरोप पोचवायचं. पलीकडच्या बांधावर त्यांच्या तुकडीचा जवळजवळ फडशा पडला. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग परत गेले. एक मशीनगन ठाणं टॉमीगनने गप्प केलं. हाताला जखम झाली, टॉमीगन चालवता येईना, तर हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी मोडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉस. नशिबाने ते जगले, १९८४ पर्यंत. बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालं. पुन्हा फुलं, पुन्हा फोटो. २ मेला इटलीतल्या जर्मनांनी शस्त्रं ठेवली.

इटलीत सुमारे ५०,००० भारतीय लढले आणि ५,७८२ मेले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ आपल्या फौजेतल्या जवानांना. ‘साहेबाच्या सैन्यात लढले, त्यात कसलं कौतुक’ असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. घरी जमीन नव्हती, पगार पाठवायचा होता, आजोबा पलटणीत होते, अशा कारणांनी माणसं भरती होतात. आजही होतात. आणि समोर मुसोलिनी-हिटलरची माणसं होती. मला यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. लाज वाटते ती याची, की टायबरच्या त्याच वरच्या खोऱ्यातल्या मोंतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं आणि आपल्याला ते एखाद्या फॉरवर्डमधूनच कळतं.

दरवर्षी आपल्याकडून हजारो लोक रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या टूरला जातात. बस रोम सोडून फ्लॉरेन्सला निघते तेव्हा ती या मुलखाजवळूनच जाते. टूरवाल्याला सांगून बघा, मोंतोनेला वाकडी वाट करता येते का. आरेत्सो आणि फोर्लीलाही आपल्या सैनिकांची स्मशानं आहेत.

आणि जायला जमणार नसेल तर घरबसल्या एवढं करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट उघडा. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाच्या मर्जीचं आहे, त्यामुळे गावाचं नाव दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा. रायगडवाल्यांनी ‘कुलाबा’ टाकायचं, सिंधुदुर्गवाल्यांनी ‘रत्नागिरी’. कुणाला आपल्या गावचं नाव सापडलं तर खाली लिहा.