गाडीखाली 'खट्ट' वाजले म्हणजे डिफरन्शियल गेले? एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या एसयूव्ही बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचे सार असे : गियर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना गाडीखालून 'खट्ट' असा आवाज आला, तर डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी, मागच्या ॲक्सलमधली गियरची पेटी) गेले असे समजावे, आधी त्यात जाड तेल भरून पाहावे, जॉइंटना ग्रीस मारल्यावर आवाज थांबला, तर काम झाले असे मानावे, आणि एवढे करूनही तो राहिला, तर जुन्या गाडीला आवाज असायचाच म्हणून सोडून द्यावे. या सल्ल्याचा क्रमच उलटा आहे. जो भाग सर्वांत शेवटी उघडायचा, त्याच्यावर पहिला संशय घेतला जातो आणि जो भाग हाताने हलवून तपासता येतो, त्याची बोळवण ग्रीसवर होते.

डिफरन्शियलवर ठपका ठेवण्याचे नेहमीचे कारण म्हणजे 'आवाज मागून येतो'. परंतु प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गियरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे ताकद नेणारा दांडा, ही पोकळ नळी असल्यामुळे तिच्या पुढच्या टोकाला बसलेला ठोका नळीभर घुमतो आणि आत बसलेल्याला तो मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो; चासीमधूनही आवाज असाच वाहत जातो. दुसरे कारण असे दिले जाते की शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तर तो थोडा मागेपुढे होतो. तो होणारच. क्राऊन (डिफरन्शियलमधले मोठे चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे, शाफ्टकडचे छोटे चक्र) यांच्या दातांमध्ये जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण तेलाच्या थराला आणि तापून फुगणाऱ्या धातूला ती लागते. ही जागा, म्हणजे प्ले, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असते. क्राऊनचा व्यास २०० मिलिमीटर, प्ले ०.२ मिलिमीटर आणि गुणोत्तर ४ (शाफ्टच्या चार फेऱ्यांत क्राऊनची एक) धरले, तर एवढ्या प्लेमुळे शाफ्ट जेमतेम अर्धा अंश फिरेल. हाताला जाणवणारी बाकीची ढिलाई डिफरन्शियलच्या आतील छोटे गियर, त्यांचे वॉशर आणि ॲक्सलच्या स्प्लाइन (दांड्यावरचे एकमेकांत बसणारे उभे दात) यांची मिळून झालेली असते आणि चाकाकडची ढिलाई शाफ्टवर गुणोत्तराच्या पटीत मोठी दिसते. म्हणून शाफ्ट काही अंश हलतो, एवढ्यावरून क्राऊन-पिनियन खराब ठरत नाही.

मग पाहायचे काय? सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्यानंतरच गियर न्यूट्रल करावा. गाडी उचलायची असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली जाऊ नये. यानंतर शाफ्टला कोनात वाकू देणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या 'क्रॉस'च्या, एका बाजूचा योक (दोन फाट्यांचा काटा) एका हाताने घट्ट धरून दुसऱ्या हाताने शाफ्ट उलटसुलट पिळावा आणि नजर जॉइंटवरच ठेवावी. दोन्ही योक एकदम हलले तर ढिलाई पुढे किंवा मागे कुठेतरी आहे. एक योक हलला आणि दुसरा किंचित उशिरा हलला, तर क्रॉस संपला. तिथे 'थोडे चालते' असे काही नसते. क्रॉसच्या चार दांड्यांवर बसणाऱ्या कॅपच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आत ग्रीस संपून सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) गंजल्या आहेत. (काही जुन्या वाहनांत, उदाहरणार्थ लँड रोव्हर डिफेंडरमध्ये, हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकाला असतो. अशा गाडीचे एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे हँडब्रेक ओढलेला असूनही ती सरकू शकते. ठोकळ्यांचा आग्रह त्यासाठीच.)

आवाज नेमका केव्हा येतो, याची चौकशी हा सल्ला करतच नाही आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. गाडी पूर्ण थांबल्यावर क्षणभराने, किंवा थांब्यावरून निघताना एकच ठोका बसत असेल, तर स्लिप योकच्या (शाफ्टला आत-बाहेर सरकू देणाऱ्या जोडाच्या) कोरड्या स्प्लाइनकडे पाहावे : ब्रेक लागताना मागचा ॲक्सल किंचित वळतो, शाफ्टची लांबी बदलू पाहते, स्प्लाइन अडकतात आणि मग एकदम सुटतात. आवाज धातूचा नसून बोथट, 'धप्प' असा असेल, तर गियरबॉक्सचे माउंटिंग आणि मागच्या ट्रेलिंग आर्मची (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांची) रबरी बुश तपासावीत. पट्ट्यांचे सस्पेन्शन असेल तर यू-बोल्टही. पूर्ण वळण घेताना टकटक होत असेल तर पुढचे सीव्ही जॉइंट (चाक वळलेले असतानाही त्याला ताकद पोचवणारे जोड). ऑटोमॅटिक गाडी थंड असताना इंजिन वाढलेल्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबताच्या वेगावर) चालते, तेव्हा 'डी' किंवा 'आर' टाकताच बसणारा झटका बहुधा त्या आयडलचा असतो. इंजिन तापल्यावरही तो कायम राहिला तरच पुढे शोधावे. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावून ठेवल्यावर जो धक्का बसतो, तो साठलेला पीळ सुटण्याचा असतो. तो चालवणाऱ्याचा दोष आहे, गाडीचा नव्हे.

जाड तेलाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. झिजलेल्या दातांमधली किंवा क्रॉसमधली जागा तेलाने भरत नाही. फार तर ठोक्याची धार काही दिवस बोथट होते आणि निदान तेवढे लांबते. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. लिमिटेड-स्लिप (एका चाकाला मोकळे घसरू न देणाऱ्या) डिफरन्शियलमध्ये क्लच प्लेट असतील आणि तेलात योग्य फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटमधले घर्षण सुधारणारे मिश्रण) नसेल, तर वळणावर प्लेट अडकत-सुटत कुरकुरतात आणि ठोके देतात. तिथे योग्य तेल घातल्याने आवाज खरोखर जातो, पण तो योग्य तेलामुळे, जाड तेलामुळे नव्हे.

ग्रीसबद्दलचा दावा अर्धा खरा असल्यामुळे अधिक फसवा आहे. स्प्लाइन कोरड्या असतील तर शाफ्ट काढून त्या स्वच्छ करून मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावणे हीच दुरुस्ती आहे. क्रॉसचे तसे नाही. कॅपमधल्या सुयांनी क्रॉसच्या दांड्यांवर एकदा खाचा पाडल्या की नवे ग्रीस त्या खाचा भरून काही काळ आवाज दाबते, एवढेच. निपलमधून ग्रीस भरताना ते चारही कॅपच्या सीलमधून बाहेर डोकावले पाहिजे. तीनच कॅपमधून आले, तर चौथी कोरडी आहे आणि बहुधा आवाज तिचाच आहे. उलट स्लिप योकच्या निपलमध्ये हाताला जोर लागेपर्यंत ग्रीस ठासले, तर शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही आणि तो दाब गियरबॉक्सच्या व पिनियनच्या बेअरिंगवर जातो.

'जुन्या गाडीला आवाज असायचाच' हे विधान बुशच्या बाबतीत कदाचित चालेल. क्रॉसच्या बाबतीत ते धोक्याचे आहे. पुढचा जॉइंट धावत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे मोकळे टोक रस्त्यावर आदळते. शिवाय ऑटोमॅटिक गाडीत 'पी' हा गियरबॉक्सच्या आउटपुटला अडवतो, चाकांना नव्हे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट तुटलेला असेल, तर 'पी'वर उभी असलेली ती गाडी उतारावर निघून जाते.

क्रॉस बदलतानाही घाई अंगाशी येते. शाफ्ट काढण्याआधी फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि योक यांवर एकमेकांसमोर खूण करावी, कारण तो तसाच परत बसला पाहिजे. स्लिप योक वेगळा केला असेल तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत, नाहीतर जुना ठोका जाऊन नवी थरथर येते. कॅप दाबून बसवल्यावर सर्क्लिप (कॅप अडकवून ठेवणारी कडी) खाचेत जात नसेल, तर हातोडी उचलू नये. एखादी सुई आडवी पडून कॅपच्या तळाशी गेलेली असते. कॅप काढावी, सुया ग्रीसने पुन्हा उभ्या चिकटवाव्यात आणि मगच परत दाबावी.

हे सगळे तपासून झाल्यावर डिफरन्शियलकडे वळायला हरकत नाही, आणि त्यासाठीही ठोक्यापेक्षा भक्कम पुरावा असावा : ठराविक वेगाला येणारी आणि ॲक्सिलरेटर सोडताच बदलणारी घूं-घूं, ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळ्या गाळाऐवजी धातूचे कपचे, किंवा पिनियनचा फ्लँज धरून वर-खाली हलवला असता जाणवणारी ढिलाई. शेवटच्या प्रकारात पिनियनचे बेअरिंग झिजलेले किंवा नट सैल झालेले असते. नट अंदाजाने आवळण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ज्या डिफरन्शियलमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये चेपली जाणारी क्रश स्लीव्ह असते, तिथे नट जास्त आवळल्यावर नुसते सैल करून भागत नाही. नवी स्लीव्ह घालून बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला ताण) पुन्हा मोजून बसवावा लागतो.