बिगरची सँड्रा आणि बालेवाडीजवळचा फ्लॅट

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वप्नील कुसाळेचा विषय अजून मिटत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. सरकारनं आधी एक, मग दोन कोटींचं बक्षीस सांगितलं. ऑक्टोबरात वडिलांनी हरियाणाकडं बोट दाखवून पाच कोटी आणि पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट मागितला, आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले. परवा धाकट्या काकांनी लिहिलं, "रेल्वेत नोकरी आहे, दोन कोटी मिळाले, अजून काय पाहिजे? रिजायनाच्या त्या बाईनं मागितला होता का फ्लॅट?"

रिजायना म्हणजे कॅनडातलं मी राहते ते शहर, आणि ती बाई म्हणजे कर्लिंगची, बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, सँड्रा श्मर्लर. तिची गोष्ट काकांना मीच सांगितली होती, त्यांच्याच सोप्यात बसून, मोठ्या अभिमानानं. ती या पोराविरुद्ध वापरलेली बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

माझी मुलगी पोहायला शिकली ती सँड्राच्या नावाच्या केंद्रात. दोन वर्षं मी तिथं टॉवेल घेऊन बसत होते, मग एकदा विचारलं, ही कोण. सँड्रा इथल्याच सस्कॅचवान प्रांतातल्या बिगरची, गाव दोनेक हजार वस्तीचं. शाळेच्या संघातून खेळायला लागली. पुढं रिजायनात शहराच्या अशाच केंद्रांमध्ये नोकरी करत 1993, 1994 आणि 1997 साली जगज्जेती झाली. बरोबर त्याच तिघी: जॅन बेटकर, जोन मॅककस्कर, मार्सिया गुडरायट. सप्टेंबर 1997 मध्ये पहिली मुलगी झाली आणि दोन महिन्यांत ब्रँडनला ऑलिम्पिकची निवड स्पर्धा. अंतिम सामन्यात तिनं कडेच्या दगडाला घासून आपला दगड आत वळवला, समोरच्यांचा मधला दगड उडवला आणि एका फटक्यात तीन गुण घेतले. तो दगड इथली म्हातारी माणसं अजून हातवारे करून दाखवतात. फेब्रुवारी 1998 मध्ये नागानोला सुवर्ण. 2 मार्च 2000 ला कॅन्सरनं गेली, वय 36. अंत्यविधी टीव्हीवर थेट दाखवला. सस्कॅटूनला ब्रायर, म्हणजे कॅनडाची पुरुषांची कर्लिंग स्पर्धा, चालू होती, तिथले सामने त्यासाठी उशिरा सुरू केले.

एवढं सगळं मी काकांना सांगितलं होतं. बिगरमध्ये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कर्लिंग खेळायचा बर्फ होता, हे मात्र सांगितलं नव्हतं. इथं शेतकरी गव्हाची कापणी आटोपली की खेळायला लागतात, ते मार्चपर्यंत. उणे तीसमध्ये करायचं तरी काय दुसरं? सँड्राला खेळासाठी आधी गाव सोडावं लागलं नाही. स्वप्नील शाळकरी वयात घर सोडून नाशिकला गेला. गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढलं. आज त्यांनी बालेवाडीजवळ फ्लॅट मागितला तो कशासाठी? पोराला सरावाला जायला सोपं व्हावं म्हणून. म्हणजे घराशेजारी मैदान. सँड्राला ते न मागता मिळालं होतं, म्हणून तिला मागावं लागलं नाही. यात हाव कुठली आली?

पण काकांना काय बोलू? बर्फाची गोष्ट मी विसरले नव्हते, गाळली होती. सँड्रा नोकरी करून, तान्हं मूल सांभाळून जिंकली, कुणाकडं हात पसरला नाही, असं सांगताना मला सांगायचं होतं ते वेगळंच: बघा, मी कुठल्या माणसांत राहते. "आमच्या रिजायनात" असा शब्द मी कोल्हापुरात बसून वापरला. आणि स्वप्नील शेवटच्या गोळ्या झाडत होता तेव्हा इथं रात्रीचा दीड वाजून गेला होता. मी झोपले होते. सकाळी ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, जणू माझाच भाचा. कांबळवाडी मी एकदाही पाहिलेली नाही, घरापासून एवढ्या जवळ असून. खाली जाऊन गाडीत बसले आणि रडले.

यातलं बरंचसं ग्रुपवर लिहिलं. दोन दिवस कुणाचं काही नाही. रविवारी काकांचा फोन आला. पाऊस, काकूंचा गुडघा, सगळं झालं.

"काय गं, त्या तुमच्या बर्फाच्या खेळाला पैसे किती लागतात?"

वर्षाची वर्गणी सांगितली. बूट आणि ब्रश आपला.

"आणि दगड?"

"वीस किलोचा असतो एकेक, काका. ते क्लबचेच."